शिक्षक चांगला, पण कशावरून?

शाळेत चांगलं कोण शिकवतं हे मुलांना, पालकांना, अगदी शिपायालाही ठाऊक असतं. तेच आकड्यांत मांडायचं म्हटलं की पंचाईत होते.

अमेरिकेत 2009 साली गेट्स फाउंडेशनने यावर मोठा अभ्यास सुरू केला. न्यूयॉर्क, डॅलस, डेन्व्हर, मेम्फिस अशा ठिकाणचे सुमारे 3000 शिक्षक त्यात होते आणि नेतृत्व हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ थॉमस केन यांच्याकडे होतं.

पहिलं माप परीक्षेचं. मुलाच्या आधीच्या गुणांवरून यंदा किती मिळायला हवेत याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षात जे जास्त-कमी पडतील ते शिक्षकाच्या खात्यावर टाकायचे. पण मुलं काही चिठ्ठ्या टाकून वर्गात वाटलेली नसतात. जेसी रॉथस्टीन या अर्थशास्त्रज्ञाने 2010 मध्ये हेच गणित उलटं लावून पाहिलं, तर पाचवीच्या शिक्षकांचा ‘प्रभाव’ मुलांच्या चौथीतल्या प्रगतीवर दिसू लागला! म्हणून केन यांच्या गटाने दुसऱ्या वर्षी खरोखरच चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग वाटले. आधी सरस ठरलेल्या शिक्षकांची मुलं सरासरीने तरीही पुढे राहिली.

दुसरं माप पाठ निरीक्षणाचं. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर घोटून घेतलेला पाठ आपल्याला नवा नाही. केन यांच्या अभ्यासात तासांचं चित्रीकरण झालं आणि गंमत अशी, की शिक्षकांनी स्वतः निवडलेले तास दाखवले तेव्हा गुण वाढले, पण शिक्षकांचा आपापसातला क्रम फारसा हलला नाही. तयारी करून शिकवलं तरी फरक झाकला जात नाही. शिवाय एकाच निरीक्षकाने आणखी एक तास पाहण्यापेक्षा तो दुसऱ्याने पाहिला तर गुण जास्त भरवशाचे ठरतात.

तिसरं माप मुलांचं. ‘शिक्षक आवडतात का?’ असं विचारायचं नाही; ‘या वर्गात वेळ वाया जात नाही’, ‘इथे चुका सुधारायला शिकतो’ अशा विधानांशी किती सहमत आहात ते विचारायचं. हे माप मला सर्वांत आवडतं. निरीक्षक चार तास पाहतो, मुलं वर्षभर पाहतात.

तिन्ही मापं चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, त्यामुळे एकत्र केल्यावर चुका काही अंशी एकमेकींना खोडतात. 2013 च्या अंतिम अहवालानुसार परीक्षेच्या मापाला 33 ते 50 टक्के वजन दिलं तर निकाल वर्षागणिक जास्त स्थिर राहतो.

मग अमेरिकेतल्या काही शाळा जिल्ह्यांनी (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांनी) अशी मूल्यमापनं बढती आणि पगाराला जोडली. त्या उपक्रमावर सुमारे 57.5 कोटी डॉलर खर्च झाले. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने 2018 मध्ये हिशेब मांडला: मुलांच्या निकालात अपेक्षित वाढ झाली नव्हती. आणि मूल्यमापनात? फार थोडे शिक्षक कमी पडलेले दिसत होते. मला याचं नवल वाटत नाही. निरीक्षणाचे गुण बहुतेक वेळा मुख्याध्यापकच देतात, आणि ज्याच्या पगारावर परिणाम होणार त्याच सहकाऱ्यासोबत त्यांना उद्याही शाळा चालवायची असते.