गाठ साधी आहे ना? : स्वादुपिंडाच्या एका दुर्मीळ गाठीची पार्श्वभूमी

पोटाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी सोलापूर, सातारा, नगरकडची माणसं पुणं गाठतात. विशीतल्या मुलीच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडावर गाठ दिसलेली असते आणि फाइल पुढे सरकवत आई विचारते, "डॉक्टर, गाठ साधी आहे ना?" या प्रश्नाला ऑपरेशनआधी ठाम उत्तर का मिळत नाही, हे समजायला जरा मागे जावं लागतं.

तरुण मुलींमध्ये अशा वेळी जिचा संशय घेतात, ती 'सॉलिड स्यूडोपॅपिलरी' गाठ. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी तिचं वर्णन केलं. कापून पाहिली तर आत जुनं रक्त साकळलेलं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीला लगटलेल्या पेशी तेवढ्या टिकलेल्या आणि त्यांच्या पलीकडच्या गळून पडलेल्या असतात. पुढची कित्येक वर्षं तिला वेगवेगळी नावं मिळत गेली. आजच्या नावावर जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

तेव्हा या गाठींचे दोन गट मानत. मज्जातंतूंत, रक्तवाहिन्यांत किंवा आजूबाजूच्या स्वादुपिंडात घुसलेली गाठ कॅन्सरची, बाकीच्या साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या सीमारेषेवरच्या. पण हे कळणार गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे गेल्यावर! शिवाय सीमारेषेवरच्या ठरवलेल्या काही गाठी पुढे यकृतात उगवल्या. म्हणून २०१० च्या वर्गीकरणात या सगळ्याच गाठी कमी तीव्रतेच्या, पण घातक, म्हणजे कॅन्सरच्याच मानल्या गेल्या. माझ्या मते हा बदल प्रामाणिक होता.

आज एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करत सुईनं गाठीतल्या पेशी काढता येतात. पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साचलेलं दिसलं, तर निदानाला भक्कम आधार मिळतो. पुढे गाठ कशी वागेल, हे मात्र सुई सांगत नाही. पाच सेंटिमीटरहून मोठा आकार, सीटी स्कॅनमध्ये तुटलेलं आवरण, जास्त केआय-६७ (पेशी किती वेगानं वाढताहेत हे दाखवणारी खूण) असे इशारे अभ्यासकांनी मांडले, पण त्यांवर एकमत नाही. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर काढून टाकण्याचाच सल्ला मिळतो.

'घातक' शब्द ऐकून घरचे हबकतात. त्यांना हे आवर्जून सांगायला हवं, की स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरशी हिची तुलना करू नये. गाठ पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतर ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. मात्र काहींमध्ये ती दहा वर्षांनीही परतली आहे, म्हणून टाके सुकल्यावरही तपासण्या चुकवू नयेत.