डोळ्याला चालतं, कीइंगला चालत नाही

लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक, ढोल-ताशा पथक, वर उडणारा गुलाल. असं चित्रण मंडळाच्या एलईडी वॉलवरच्या ग्राफिक्ससाठी येतं ते बहुधा फोनवरची एमपी४ फाइल म्हणून. बघायला ती सुरेख असते. कंपोझिटिंगला, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र बसवायला घेतली की त्रास सुरू होतो.

एमपी४ किंवा एमओव्ही हा नुसता डबा. आत चित्र कसं दाबून भरलंय ते कोडेक, म्हणजे चित्र साठवण्याची पद्धत, ठरवते. म्हणून ‘एमओव्ही पाठवा’ एवढाच निरोप अपुरा. त्या डब्यात एच.२६४ हा कोडेकही निघेल, प्रोरेस हाही.

एच.२६४ सहसा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, बाकीच्यांत फक्त बदल. गुलालाचा कण न् कण दर फ्रेमला जागा सोडतो, तेव्हा बदलच इतका होतो की तो ठरलेल्या बिटरेटमध्ये (सेकंदाला मिळणाऱ्या डेटात) मावत नाही आणि चौकोनी ठोकळे दिसू लागतात. शिवाय मधलीच एक फ्रेम हवी असेल तर आधीच्या पूर्ण फ्रेमपासून उलगडत यावं लागतं, म्हणून टाइमलाइन अडखळते. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर हे एडिटिंगचे कोडेक प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतात.

खरं नुकसान रंगात होतं. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारकाईनं कळतो, रंगातला तितका नाही. याचा फायदा घेऊन ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात. म्हणजे १९२०×१०८० चित्रात रंग फक्त ९६०×५४०. पण वादक हिरव्या पडद्यापुढे चित्रित केला असेल, तर तो पडदा काढणारं कीइंग रंगावरच चालतं, त्यामुळे केसांच्या आणि ढोलाच्या दोरीच्या कडा करवतीसारख्या येतात. ४:२:२ मध्ये रंग ९६०×१०८०, ४:४:४ मध्ये पूर्ण. हिरव्या पडद्यासाठी किमान ४:२:२, १०-बिट चित्रण मागावं. ४:२:० फाइल प्रोरेस ४४४४ मध्ये बदलून गेलेला रंग परत येत नाही. पुढची झीज तेवढी थांबते.

छटा हळूहळू बदलताना दिसणाऱ्या पट्ट्यांचं गणितही साधं आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १९२० पिक्सेल रुंदीवर गडद शेंदरी छटा ३० पासून ७० पर्यंत नेली, तर ४० पायऱ्या आणि प्रत्येक पट्टा ४८ पिक्सेल रुंद. मोठ्या वॉलवर तो लांबूनही दिसतो. प्रोजेक्ट १६-बिटवर ठेवावा आणि शेवटी ८-बिट फाइल काढण्याआधी किंचित ग्रेन (बारीक दाणे) टाकावा, म्हणजे पट्टे लपतात.

पारदर्शक लोगो द्यायचा तर अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, लागतो. प्रोरेस ४२२ एचक्यू मोठी फाइल असूनही अल्फा देत नाही, ४४४४ देते. १९२०×१०८०, २५ फ्रेम्सला तिचा दर अल्फा सोडून सेकंदाला साधारण २७५ मेगाबिट, म्हणजे १० सेकंदांना ३४० एमबीच्या आसपास. तेच ८-बिट चित्र अल्फासह, कॉम्प्रेशनशिवाय ठेवलं तर २ जीबीच्या वर जातं.

अल्फा असूनही समईच्या प्रकाशाभोवती काळी किनार दिसली, तर प्रीमल्टिप्लाइड (कडांच्या रंगात काळा आधीच मिसळलेली) फाइल स्ट्रेट (न मिसळलेली) म्हणून वाचली गेली आहे. आफ्टर इफेक्ट्स या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेजवर राइट क्लिक करून इंटरप्रिट फुटेज, मेन उघडा, प्रीमल्टिप्लाइड निवडा, रंग काळा ठेवा. ही एक खूण बदलली की किनार जाते; मास्क कुरतडत बसू नये.

लांब थ्रीडी रेंडरसाठी इमेज सीक्वेन्स, म्हणजे दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल, बरा. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम्स शाबूत राहतात आणि पुढचं तिथूनच सुरू करता येतं. पीएनजी साध्या ग्राफिक्सला पुरते. ओपनईएक्सआर पांढऱ्याच्याही पलीकडचा उजेड जपते, म्हणून ज्योतीचा ग्लो नंतर कमी केला तरी मधला भाग सपाट पांढरा पडत नाही. आफ्टर इफेक्ट्स सीक्वेन्सला मुळात ३० फ्रेम्सचा धरतं. २५ केलं नाही तर २५० फ्रेम्सचे १० सेकंद ८.३ सेकंदांत संपतात.

फोनच्या फाइलचा फ्रेमरेट बहुधा बदलता असतो. आधी तो मूळ वेगाजवळच्या स्थिर आकड्यावर आणा, नाहीतर दोन-तीन मिनिटांत टिपरू ढोलावर पडण्याआधी किंवा नंतर ठोका ऐकू येतो.

शेवटची एच.२६४ फाइल काढताना एलईडीवाल्याला वॉलची पिक्सेलमधली मोजणी विचारा. ३.९ मिलिमीटर पिचच्या (दोन पिक्सेलमधल्या अंतराच्या) ५०० मिलिमीटर पॅनलमध्ये १२८ पिक्सेल असतात. ४ मीटर × २ मीटर वॉल म्हणजे १०२४×५१२. तिथे फोरके पाठवून काही मिळत नाही, बारीक अक्षरं मात्र पुसट होतात.