खलपात्राचा उद्धार (वैदर्भीय परंपरा)

पुराणकथेवर बेतलेल्या कीर्तनात, नाटकात वा कादंबरीत दैत्य-राक्षसांना शेवटी सद्गती किंवा मान देण्याची रीत. ग्रामीण विदर्भात तिचा विशेष असा की, पात्राचा वध टळत नाही आणि अपराधही पुसला जात नाही. मेल्यावर मात्र त्याला जागा मिळते.

शास्त्राधार भागवताचा. वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय शापाने तीन जन्म विष्णूचे वैरी होतात : हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. वैर हीदेखील भक्तीच, या न्यायाने शिशुपालाचे तेज कृष्णात विलीन होते. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती), म्हणजे शिशुपाल हा या मुलखाचा हुकलेला जावई. विष पाजायला आलेल्या पूतनेलाही भागवत मातेची गती देते. पण तीच पूतना मारबत (गावाबाहेर नेऊन टाकायचा रोगराईचा पुतळा) झाली की तान्ह्या पोळ्याला गाव तिला ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत शिवेबाहेर हाकलतो. करुणा सरसकट नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण रामटेकचे. स्थानिक कथेत शूद्र तपस्वी शंबूकाचा रामाच्या हातून वध याच गडावर झाला. मरताना त्याने वर मागितला, की रामाने इथेच राहावे आणि आपली पूजा रामाच्या आधी व्हावी. त्यामुळे आधी धूम्रेश्वराची (म्हणजे शंबूकाची) पिंड, मग राम, असा दर्शनाचा क्रम सांगितला जातो. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूतीचे मूळ गाव पद्मपूर. ते गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे, असे मानतात. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त शंबूकावर शस्त्र उगारताना राम आपल्याच उजव्या हाताला टोचून बोलतो : गरोदर सीतेला वनात धाडणाऱ्याचा तू हात, तुला कुठली दया? वार होतोच. शंबूक दिव्यपुरुष होऊन समोर येतो आणि रामाला दंडकारण्याची ओळख करून देतो. मुळात त्याला खलपात्र म्हणावे का? शूद्र असून तप केले, एवढाच त्याचा अपराध. मोक्ष देऊन अन्याय झाकला, हा आंबेडकरी विचारवंतांचा आक्षेप रास्तच आहे.

गडचिरोलीतील अनेक गोंड रावणाला पूर्वज मानतात, मेळघाटातील कोरकू फगव्याला (होळीच्या सणाला) रावणपुत्र मेघनाथ पूजतात. तिथे उद्धाराचा प्रश्नच उद्भवत नाही. रावणदहन थांबवा, अशी आदिवासी संघटनांची मागणी असते.

अलीकडच्या पौराणिक कादंबऱ्या आणि मालिका खलनायकाला दुःखी बालपण चिकटवून निर्दोष सोडतात. ही वकिली झाली, करुणा नव्हे. सांगोळ्याची (ता. पातूर, जि. अकोला) आख्यायिका अशी वकिली करत नाही. गावाने एका ऋषीची मूर्ती घडवायला सांगितली आणि शिल्पकाराच्या हातून दशमुखी रावण घडला. गावाने तो परत धाडला नाही. दसऱ्याला इतरत्र रावण जळतो, तेव्हा इथे त्या काळ्या पाषाणाची पूजा होते. रामायण मात्र तिथेही तेच वाचले जाते.