वॉकथ्रूमधलं ऊन: काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकांसाठी माहिती

आपल्या बंगल्याचा किंवा लेआउटचा वॉकथ्रू, म्हणजे बांधकामाआधीच संगणकावर फिरून बघता येणारं दृश्य, आम्ही अनरियल इंजिन ५ मध्ये करतो. हे मुळात गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर. पण त्यातलं बाहेरचं ऊन खऱ्या सूर्याच्या हिशोबाने लावता येतं, म्हणून रंग आणि फर्निचरच्या आधी आम्ही प्लॉटची उत्तर दिशा विचारतो.

बाहेरच्या दृश्यात मुख्य दिवा एकच, सूर्य. इंजिनमध्ये तो डिरेक्शनल लाइट. त्याला जागा नसते, फक्त दिशा असते, आणि ती अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ यांवरून ठरते. पुण्यात २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा ऊन चांगलं आतपर्यंत येतं. मेच्या मध्यात तो थेट डोक्यावर येतो, आणि जूनच्या दुपारी तर किंचित उत्तरेकडे झुकतो. त्या वेळी त्याच गॅलरीत ऊन शिरत नाही. छज्जा किती बाहेर काढायचा हे ठरवण्याआधी ही दोन दृश्यं शेजारी ठेवून जरूर बघा. आमच्या मते वॉकथ्रूचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात कुठलंही घर देखणं दिसतं, त्यावरून बांधकामाचे निर्णय घेऊ नयेत.

सावलीतला उजेड आकाशाकडून येतो. तो स्काय लाइट देतो, म्हणून उघड्या हवेतल्या सावलीत हलकी निळसर झाक असते. पावसाळी दृश्यात सूर्य जवळजवळ बंद करून सगळी भिस्त आकाशावर ठेवतो. सावल्या मग पुसट होतात, आणि तसंच दिसायला हवं.

तिसरा उजेड उसळून येणारा. इंजिनमधली ल्युमेन ही सोय तो चालू दृश्यातच मोजते. कोकणातल्या घरी जांभ्याच्या अंगणावरून उठलेला तांबूस उजेड पडवीच्या पांढऱ्या छताला लागतो, तो इथेही लागतो. मात्र पांढरी भिंत आम्ही शंभर टक्के पांढरी ठेवत नाही. खरा रंगही सगळा प्रकाश परत फेकत नाही, आणि तसं केलं तर खोली खोट्या उजेडाने भरून जाते.

‘जरा उजेड वाढवा’ असं बरेच ग्राहक सांगतात. स्वच्छ दुपारी बाहेर सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो, हॉलमध्ये अनेकदा काही शेच. कॅमेरा दोन्ही एकदम नीट दाखवू शकत नाही. त्याचं एक्स्पोजर, म्हणजे तो किती उजेड टिपतो ते, आपोआप बदलू दिलं, तर सूर्य दुप्पट केला तरी चित्र जवळपास तेवढंच उजळ दिसतं. म्हणून आम्ही एक्स्पोजर बांधून घेतो, आतल्या दृश्यांसाठी वेगळं आणि बाहेरच्यांसाठी वेगळं. कोपऱ्यात लपवलेले जादा दिवे लावत नाही, कारण ते ताबा घेतल्यावर आपल्याला घरात सापडणार नाहीत.

फाइल साध्या लॅपटॉपवर चालवायची असेल तर आधीच सांगा. तिथे उजेड आगाऊ बेक करावा लागतो, म्हणजे आधीच मोजून दृश्यात पक्का करून ठेवावा लागतो. वेळ बदलायची म्हटली की बेकिंग पुन्हा.

सुरुवातीला उत्तर दिशा दाखवलेला साइट प्लॅन, गुगल मॅपवरचं लोकेशन आणि शेजारच्या इमारतींची व मोठ्या झाडांची अंदाजे उंची पाठवा. पश्चिमेला डोंगर असेल तर तोही कळवा, तिथे ऊन सूर्यास्ताच्या बरंच आधी जातं.