डीबीए आणि डीबीसी: क्लबशेजारच्या घरांसाठी उपविधीत कोणती मर्यादा हवी?

नाइटक्लबच्या आवाजावरचे उपविधी वाचले की बहुतेक वेळा एकच ओळ हाती लागते: रात्री अमुक डेसिबलच्या वर आवाज नको. कोणते डेसिबल, हे एकतर लिहिलेलेच नसते, नाहीतर सवयीने 'डीबीए' (ए-वेटिंग नावाची गाळणी लावून मोजलेले डेसिबल) लिहिलेले असते. मग तक्रार येते, निरीक्षक बेडरूममध्ये मीटर लावतो, आकडा मर्यादेच्या आत बसतो आणि तक्रारदार उगाच कटकट करणारा ठरतो. त्याच्या भिंतीतून येणारी धडधड खरी असते आणि मीटरही बरोबर असतो. चूक उपविधीच्या मसुद्यात असते.

डीबीए सगळ्यांच्या ओळखीचे आहे. रहदारी, यंत्रे, माणसांचा गलका यांसाठी ते ठीक चालते, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. सरासरी पातळी आणि कमाल पातळी, मीटरचा 'फास्ट' आणि 'स्लो' प्रतिसाद यांवरूनही वाद होतात. उपविधीत एक ओळ घातली की ते मिटतात.

खरी गफलत बेसच्या मोजणीत आहे. ए-वेटिंग म्हणजे हळू आवाजात माणसाचा कान जसा ऐकतो तशी केलेली गाळणी. ती १००० हर्ट्झला काहीच कापत नाही; पण १२५ हर्ट्झला १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६ आणि ३१.५ हर्ट्झला जवळजवळ ३९ डेसिबल कापते. सी-वेटिंग, म्हणजे डीबीसीमागची गाळणी, ६३ हर्ट्झला एक डेसिबलही कापत नाही. डान्स म्युझिकच्या किक ड्रमचा जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे डीबीए डोळे मिटते.

त्यात भिंतीची भर. एकसंध भिंत ढोबळमानाने खाली उतरताना दर सप्तकाला (वारंवारता निम्मी झाली की एक सप्तक) ६ डेसिबल कमी अडवते. १००० हर्ट्झवरून ६३ वर यायला चार सप्तके उतरावी लागतात, म्हणजे सुमारे २४ डेसिबलचा फरक. गाण्याचे शब्द भिंतीपाशी अडतात, ठोका पलीकडे जातो. समजा बेडरूममध्ये ६३ हर्ट्झच्या पट्ट्यात ६० डेसिबल आहेत आणि बाकी शांतता आहे. डीबीए दाखवेल ३४, डीबीसी दाखवेल ५९. या वारंवारतेला ऐकू येण्याचा उंबरठा ३७-३८ डेसिबलच्या आसपास असतो. ६० म्हणजे झोप उडवणारा ठोका. तरी कागदावर ३४!

न्यूयॉर्क शहराच्या ध्वनिसंहितेत व्यावसायिक संगीतासाठी घराच्या आत ४२ डीबीए ही मर्यादा आहेच, पण तिच्या जोडीला ६३ ते ५०० हर्ट्झमधल्या कोणत्याही एक-तृतीयांश सप्तकपट्ट्यासाठी ४५ डेसिबलची वेगळी मर्यादा आहे. वरची बेडरूम पहिल्या कसोटीत उत्तीर्ण होते, दुसरीत १५ डेसिबलने नापास. म्हणूनच निव्वळ डीबीएवर उभा असलेला क्लबचा उपविधी मला मान्य नाही.

डीबीसीही एकटे पुरत नाही. माइकवर वारा लागला किंवा बाहेरून जड वाहन गेले की त्याचा आकडा फुगतो, आणि क्लबचा वकील तेवढेच धरून बसतो. म्हणून संगीत चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा त्याच जागी मोजायचे. फरक १० डेसिबल किंवा जास्त असेल तर दुरुस्ती जवळपास लागत नाही. ३ ते १० असेल तर पार्श्वभूमी वजा करायची: चालू ६५, बंद ६०, तर संगीताचे ६३.३ (सरळ वजाबाकी चालत नाही, डेसिबल लॉगरिदमिक असतात). फरक ३ पेक्षा कमी असेल तर त्या मोजणीवर कारवाई करू नये.

माइक कुठे ठेवला हेही नोंदवायला हवे. ६३ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५.४ मीटर, २.७ मीटरच्या खोलीत तिची अर्धी लांबी नेमकी बसते आणि ती जागच्या जागी उभी राहते. मधोमध आकडा खूप पडतो, कोपऱ्यात चढतो. फक्त मध्यावर मोजून निघून जाणे ही सर्रास होणारी चूक आहे. उशीपाशी आणि कोपऱ्यातही मोजा. फोनवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून धरू नका, बऱ्याच फोनमध्ये वाऱ्याचा आवाज टाळायला खालच्या वारंवारता आधीच कापलेल्या असतात.

मसुद्यात डीबीए आणि डीबीसी दोन्ही मर्यादा द्या आणि 'यांपैकी कोणतीही एक ओलांडल्यास उल्लंघन' असे स्पष्ट लिहा. 'दोन्ही ओलांडल्यास' असे पडले तर सगळी मेहनत वाया. डीबीसीचा आकडा डीबीएपेक्षा १५ ते २० ने जास्त निघाला, तर ६३ आणि १२५ हर्ट्झच्या पट्ट्यांची मोजणी सक्तीची करा. दंड त्या मोजणीवर ठरावा.

क्लबलाही याचा उपयोग आहे. डीबीएवर लावलेला लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज आपोआप रोखणारे यंत्र) गायकाचा आवाज दाबतो आणि बेस तसाच सोडतो. लिमिटर पट्ट्यांनुसार हवा. भिंतीला चिकटवलेला ५ सेंटीमीटर फोम ६३ हर्ट्झला काहीच करत नाही. सबवूफर जमिनीवरून काढून लवचीक आधारांवर ठेवणे आणि दाराशी दोन दारांची लॉबी करणे यावर आधी पैसे घाला. दुहेरी काच बसवताना मधली पोकळी अरुंद ठेवली, तर दोन काचा मिळून १०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी घुमतात आणि त्या पट्ट्यात आवाज आधीपेक्षा जास्त बाहेर जाऊ शकतो.