चतुराचे जवळून छायाचित्रण : लेन्स भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा सरत आला की आमच्याकडील मॅक्रो लेन्सना (अगदी जवळून मोठे चित्र टिपणाऱ्या लेन्सना) मागणी वाढते आणि त्या नेणाऱ्यांपैकी अनेकांना चतुर (ड्रॅगनफ्लाय) हा कीटक टिपायचा असतो. लेन्स परत करताना मात्र "जवळ गेलो की उडतो" ही तक्रार ठरलेली असते. त्यात लेन्सचा दोष नसतो. प्रश्न अंतराचा असतो.

१०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एकास एक प्रमाणात (सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराएवढा उमटेल असे) चित्र घ्यायचे, तर लेन्सचे तोंड आणि कीटक यांच्यामध्ये वीतभरही जागा उरत नाही. चतुराचे डोके जवळजवळ डोळ्यांनीच व्यापलेले असल्याने त्याला चहूबाजूंची हालचाल कळते. म्हणून पुण्यातील पाषाण तलावासारख्या ठिकाणी, जिथे काठाला चिखल असतो आणि पुढे सरकायला वाव नसतो, तिथे ३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स एक्स्टेन्शन ट्यूबसह (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या, जवळून फोकस करू देणाऱ्या पोकळ नळीसह) न्यावी, असे आम्ही सुचवतो. तिने सुमारे मीटरभर अंतरावरूनही चौकट भरते. (तिचे भाडे मॅक्रोपेक्षा कमी आहे, तरीही आम्ही हेच सुचवतो.)

मॅक्रोच हवी असल्यास पहाटे निघावे. दव पडलेल्या सकाळी चतुराचे अंग गार असते, पंखांवर थेंब असतात आणि ऊन लागेपर्यंत तो सहसा उडत नाही. उन्हे चढल्यावर पाठलाग करू नये. अनेक जातींचे चतुर उडाले तरी पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात, तेव्हा काडीवर फोकस लावून, आपली सावली तिच्यावर पडू न देता, खाली बसून थांबावे. भर दुपारी शेपटीसारखे पोट सूर्याकडे उभे धरलेला चतुर दिसला, तर तो ऊन कमीत कमी अंगावर यावे म्हणून तसा बसलेला असतो. ते चित्र अवश्य घ्यावे.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) एकास एक प्रमाणात आणि लेन्सच्या एफ/८ छिद्राला चित्राची स्पष्ट खोली (पुढून मागे जितका भाग स्पष्ट दिसतो तितकी) जेमतेम एक मिलिमीटर मिळते. त्यामुळे आधी निवड करावी लागते: पंखांची जाळी हवी असेल तर कॅमेरा बरोबर वरून, पंखांना समांतर धरावा, डोळा आणि पोट हवे असेल तर बाजूने धरावा आणि पंख अस्पष्ट राहतील हे गृहीत धरावे. अर्ध्या प्रमाणात एफ/११ ला सुमारे चार मिलिमीटर मिळतात आणि नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात केलेली बरी. लाल चतुराचा लाल रंग लवकर फुटतो (तपशील हरवून नुसता लाल डाग उरतो), म्हणून एक्स्पोजर (चित्रात येणारा प्रकाश) थोडे उतरवावे. पंख काचेसारखे चमकतात, म्हणून फ्लॅशपुढे डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) लावावा.

नुकताच कात टाकून बाहेर आलेला, पंख ओलसर चकाकणारा चतुर हाताळू नये. त्या वेळी पंखाला पडलेली घडी पुढे सरळ होत नाही. चतुर स्थिर बसावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती आम्हांला मान्य नाही.

दवात वापरलेली लेन्स पिशवीत ओली ठेवू नये, कारण आपल्याकडील दमट हवेत काचेवर बुरशी धरते. सोबत दिलेली सिलिका जेलची पुडी लेन्ससह परत करावी.