ब्लूजचा सूर दोन फ्रेटच्या मधे

गिटार शिकणाऱ्याच्या हातात ब्लूज स्केल फार लवकर येते. सूर सहाच. ए पट्टीत ए, सी, डी, ई फ्लॅट, ई आणि जी. सरगममध्ये सांगायचं तर सा, कोमल ग, म, तीव्र म, प आणि कोमल नी. तीव्र मध्यम वगळला की उरते ती मायनर पेंटॅटोनिक, म्हणजे धानी रागाचेच स्वर. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या; पाचव्या ते आठव्या फ्रेटमध्ये पंजा न सरकवता दोन सप्तकं वाजतात. तरीही नवशिक्याचं वाजवणं कोरडं वाटतं. सूर सगळे बरोबर, पण ब्लूज काही ऐकू येत नाही.

हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या गाण्यातून घडत गेलं. शेतात राबताना एकमेकांना घातलेल्या सुरेल हाकाही त्यात मिसळल्या. गळ्याला फ्रेट नसतात. या गायकांचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागायचा, आणि दर वेळी एकाच जागी लागेल असंही नाही. नोटेशन करताना त्याच्या जवळचा सूर लिहिला जातो, तो कोमल गंधार. छापील स्केल म्हणजे गायकीचा ढोबळ नकाशा, आणि माझ्या मते शिकवताना नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

आता साथीला ए सेव्हन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा एक गट, घ्या. तिच्यात सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार आहे. वरून गिटारवादक सी वाजवतो. मधल्या सप्तकात सी साधारण २६२ हर्ट्झचा आणि सी शार्प २७७ चा. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला पंधरा-सोळा वेळा कमी-जास्त होतो. कानाला इतकी जलद थरथर वेगळी मोजता येत नाही, ती खरखर म्हणून जाणवते. ब्लूजला ही खरखर हवीच असते, पण थोडी सैल करून. म्हणून वादक तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला सी धरतो आणि तार बोटाने किंचित आडवी ओढतो.

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे एका फ्रेटइतका चढवायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो आणि पूर्ण स्वरासाठी २६ टक्के. सी आणि सी शार्पच्या मधोमध पोचायला मात्र सहाएक टक्के पुरतात. बोटाची हालचाल जेमतेम दिसते, कानाला फरक लगेच कळतो. ओढल्याने सूर चढतोच, उतरत नाही. म्हणून सुरुवात खालच्या सुरापासून.

ई फ्लॅटची गोष्ट थोडक्यात: त्याच्यावर थांबू नये. डीवरून ईकडे जाताना त्याला स्पर्श करायचा आणि पुढे सरकायचं. काचेची किंवा धातूची नळी तारेवर सरकवत स्लाइड वाजवणाऱ्यांना तर मधल्या सगळ्याच जागा मोकळ्या असतात. मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागातल्या वादकांनी त्याचा भरपूर उपयोग केला. पियानोवर यातलं काहीच जमत नाही. तिथे वादक कोमल गंधाराच्या पट्टीवरून बोट घसरवून शुद्ध गंधारावर आणतात, किंवा सरळ दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात.